विकरांच्या माहितीकोशात सहघटकाची नोंद का बदलावी लागते?

सजीवांतील रासायनिक क्रियांना गती देणाऱ्या प्रथिनांना विकरे अर्थात एन्झाइम म्हणतात. अनेक विकरे एकटी काम करू शकत नाहीत. त्यांना धातूच्या आयनाची किंवा लहान सेंद्रिय रेणूची जोड लागते. हाच त्यांचा सहघटक. ‘ब्रेंडा’, ‘युनिप्रॉट’ यांसारख्या संगणकीय माहितीकोशांत त्याची नोंद असते. नव्या सजीवाच्या जनुकांचा अर्थ लावताना अशाच नोंदींचा आधार घेतला जातो. त्यामुळे मूळ नोंदीतील चूक पुढे अनेक ठिकाणी उतरते.

सहघटकाविषयीचे ज्ञान कसे बदलत जाते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे युरियाचे विघटन करणारे ‘युरिएज’ हे विकर. त्याचा वर्गीकरण क्रमांक ३.५.१.५ आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातीतील एका शेंगेच्या बियांपासून त्याचे स्फटिक मिळवले. विकर हे प्रथिन असते, हे त्यातून पुढे आले आणि १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात समनर यांना वाटा मिळाला. मात्र या विकरात धातू दडलेला आहे, हे उघड व्हायला १९७५ साल उजाडले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात बर्ट झर्नर आणि सहकाऱ्यांना त्यात निकेल आढळले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निकेल न मिळालेल्या सोयाबीनच्या पानांच्या टोकांशी युरिया साचून ती करपल्याचे दिसले. १९९५ मध्ये एका जीवाणूतील युरिएजची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा क्रियास्थानी निकेलचे दोन आयन स्पष्ट दिसले.

तरीही ‘युरिएज म्हणजे निकेल’ असे सरसकट लिहिता येत नाही. मानवी जठरात व्रण निर्माण करणाऱ्या ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’चे युरिएज निकेलवरच चालते, पण फेरेट या मांसाहारी प्राण्याच्या जठरातील त्याच्या भाऊबंद जीवाणूकडे लोहावर चालणारे दुसरे युरिएजही असल्याचे २०११ मध्ये दाखवून देण्यात आले. म्हणून नोंदीत विकराच्या नावासोबत सजीवाचे नावही आवश्यक ठरते.

दुरुस्तीसाठी पुरावाही भक्कम हवा. विकरात धातू सापडला एवढ्यावर भागत नाही. ‘पेप्टाइड डिफॉर्मिलेज’ हे विकर प्रारंभी जस्तयुक्त मानले गेले, परंतु ई. कोलाय जीवाणूत त्याचा नैसर्गिक धातू लोह असून हवेच्या संपर्कात ते विकर झपाट्याने निकामी होते, असे नंतर कळले. म्हणूनच धातूचे प्रमाण, तो बदलल्यास क्रियाशीलतेत पडणारा फरक आणि रेणूची रचना यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

माहितीकोश वापरणाऱ्यानेही एक भेद ध्यानात ठेवावा. ‘ब्रेंडा’त धातूंचा रकाना सहघटकांपासून वेगळा आहे, तर ‘युनिप्रॉट’ धातूही सहघटकांतच धरतो. म्हणजे एखादा रकाना रिकामा दिसला, तरी त्या विकराला कशाचीच गरज नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.