पाव आणि पंक्ती

रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास सोलापुरातील एखाद्या चालत्या बेकरीपुढून जाणाऱ्यास एक साधेच दृश्य दिसते. आत भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाच्या लाद्या निवत ठेवलेल्या असतात. काचेच्या कपाटांत खारी, टोस्ट, नानकटाई व केक मांडलेले असतात. आणि जेथे पूर्वी गिऱ्हाइकाने उभ्याउभ्या पुडा घेऊन चालते व्हावयाचे, तेथे आता चार मेजे व खुर्च्या आल्या आहेत. न्याहारीची वेळ टळलेली आणि जेवणास अवकाश असलेली कुटुंबे तेथे येऊन बसतात व या मधल्या खाण्यास ‘ब्रंच’ म्हणतात. एका मेजावर मराठी ऐकू येते, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर कानडी अथवा उर्दू. शेजारी बसलेला कोण, हे कोणी विचारीत नाही. कणीक कोणाच्या हाताने मळली गेली, हेही कोणी विचारीत नाही.

हे दृश्य इतके नित्याचे आहे की त्यास काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. परंतु ते घडून येण्यास चार गोष्टी जुळाव्या लागल्या: गव्हाचा फुगलेला पाव, त्यास लागणारे गव्हाचे पीठ, कामकऱ्याच्या वाट्यास आलेला मोकळा रविवार, आणि परक्याच्या हातचे अन्न परक्याच्या पंक्तीस बसून खाण्याची मुभा. पहिल्या तीन गोष्टी व्यापाराने, सरकारी धोरणाने व कायद्याने आल्या. चौथीसाठी मात्र महाराष्ट्रास शंभर वर्षे झगडावे लागले; आणि तो झगडा संपला, असे आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

प्रथम धान्याचा विचार करू. सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीचा शाळू पिकतो, आणि ‘मालदांडी’ ही ज्वारीची नामांकित जात याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने सिद्ध झाली. गव्हाच्या पिठात पाणी मिसळून ते मळले असता एक चिवट द्रव्य तयार होते. आंबवणाने उत्पन्न झालेला वायू त्यात कोंडला जातो व पाव फुगतो. ज्वारीत हे द्रव्य नाही. म्हणून ज्वारीचे पीठ कढत पाण्याने भिजवून, हाताने थापून, त्याची भाकरीच करावी लागते. सोलापूरकर स्त्रियांनी या उणिवेतूनच एक गुण निर्माण केला. भाकरी अगदी पातळ थापावयाची, मंद आचेवर पार कोरडी होईपर्यंत शेकावयाची, म्हणजे ती पापडासारखी कडक होते व कित्येक दिवस टिकते. ही कडक भाकरी आमटीत अथवा दह्यात चुरून, शेंगाचटणीबरोबर खावयाची. सीमेपलीकडील कानडी मुलखातही अशीच कडक रोट्टी आहे. शेतावर, प्रवासात, यात्रेत बरोबर नेता येईल, आणि आपल्याच घरच्या चुलीवरची असल्यामुळे कोणासही शंका घेता येणार नाही, असे हे अन्न. सोवळ्याओवळ्याच्या जगात या दुसऱ्या गुणाची किंमत पहिल्यापेक्षा कमी नव्हती.

पावाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पाव हा जन्मतःच दुसऱ्याच्या हातचा. त्याची भट्टी मोठी, तिला लाकूड फार लागते, आणि ती दोन-चार पावांसाठी पेटविणे परवडत नाही. म्हणून तो घरोघर न होता एकाने भाजावयाचा व अनेकांनी विकत घ्यावयाचा. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. १५१० साली त्यांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या भाषेतील ‘पाँव’ या शब्दाचाच आपण ‘पाव’ केला. पायाने कणीक मळतात म्हणून ‘पाव’, अथवा चवथा हिस्सा म्हणून ‘पाव’, या व्युत्पत्ती मागाहून रचलेल्या आहेत. गोव्यात पीठ फुगविण्यास माडाची सुर घालीत. भाजणारा ‘पदेर’ ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात हे गोवेकर कारागीर मुंबईत आले. त्यांच्या पाठोपाठ यझ्द व केरमान या बाजूंकडून आलेल्या इराण्यांनी चहा, मस्का व ब्रून पावाची दुकाने थाटली. धोबीतलावावरील ‘क्यानी आणि कंपनी’ ही १९०४ सालची. जेथे पाव भाजला जातो तेथेच बसून तो चहात बुडवून खावयाचा, ही आजच्या बेकरी-उपाहारगृहाची रीत येथून रूढ होत गेली.

आता अडचण ध्यानात येईल. पाव पाण्याने मळलेला, बहुधा ताडीने आंबवलेला, आणि ख्रिस्ती, मुसलमान अथवा इराणी माणसाने भाजलेला. सोवळ्याच्या नियमांपैकी एकही त्याने मोडावयाचा शिल्लक ठेवला नव्हता. जातिबंधनास ‘रोटीबंदी’ हे नाव ज्या भाषेत पडले, त्या भाषेच्या लोकांस पाव हे केवळ खाद्य वाटणे शक्यच नव्हते. तो खाल्ला की माणूस बाटला, अशीच समजूत होती.

ज्यांस हे बंधन तोडावयाचे होते त्यांनी म्हणूनच पावाची निवड केली. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर यांच्यासारखी विद्वान मंडळी तीत होती. सभेत प्रवेश करणाराने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावयाचा व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावयाचे, अशी तेथील दीक्षा होती. परंतु हा सगळा कारभार गुप्त होता. १८६० साली सभासदांच्या नावांचे पुस्तक चोरीस गेले, नावे फुटणार या भीतीने मंडळी पांगली, आणि सभा संपुष्टात आली. पाव खाण्याचे धैर्य त्यांस झाले. खाल्ला हे सांगण्याचे धैर्य त्यांपैकी बहुतेकांस झाले नाही. त्यांस आज हसणे सोपे आहे. पण बहिष्कार म्हणजे न्हावी बंद, भटजी बंद, मुलीचे लग्न बंद, आणि प्रेतास खांदा देण्यास माणूस नाही, हे ज्याने स्मरणात ठेवले त्याचे हसू ओठांवरच थांबेल.

पुढे तीस वर्षांनीही हवा फारशी पालटली नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही तेथे होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभवा’त प्रसिद्ध केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुण्यात मोठे ग्रामण्य माजले. अखेर १८९२ साली रानड्यांसारख्या पुरुषानेही घरच्यांच्या व स्नेह्यांच्या सुखासाठी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याची व दोन बिस्किटांची ही किंमत!

नेमक्या याच सुमारास, पुण्यातील वादाशी काहीएक संबंध नसलेली एक गोष्ट घडत होती. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व ‘दीनबंधू’चे संपादक. आठवड्यातून एक दिवस सुटी हवी, हे मुंबईच्या गिरणीकामगारांचे गाऱ्हाणे त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्याने साप्ताहिक सुटी बंधनकारक झाली. सोलापुरास १८६० साली आगगाडी आली होती व १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली होती. पुढे गिरण्यांची संख्या वाढली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या मराठी व कानडी खेड्यांतून दुष्काळाने हैराण झालेले शेतकरी आले. भोंग्याच्या हुकमतीखाली राबणाऱ्या या शहरास रविवार मिळाला तो असा. ‘ब्रंच’ हा शब्द इंग्लंडात गाय बेरिंजर याने १८९५ साली प्रथम छापला, तोही रविवारी उशिरा उठणाऱ्यांची कड घेण्यासाठी. आमच्या शेतकऱ्यास मात्र उशिरा उठण्याची चैन न करताही ते खाणे ठाऊक होते: पहाटेपासून औत हाकून सूर्य वर आल्यावर बांधावर बसून तो जी न्याहारी करीत असे, ती वेळेने ब्रंचच होती. नवीन होती ती सुटी. खाण्याची वेळ जुनीच.

राहिली ती पंक्ती. परमहंस सभेचा प्रश्न वरिष्ठ जातींच्या बाजूने विचारलेला होता: आम्ही कोणाच्या हातचे खावे? तो प्रश्न दुसऱ्या टोकाकडून कसा दिसतो, हे कोल्हापुरात एका चहाच्या दुकानाने दाखविले. गंगाराम कांबळे हा राजवाड्याच्या नोकरीतील अस्पृश्य माणूस. पाण्याच्या हौदास शिवल्याच्या कारणावरून त्यास मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यास भांडवल देऊन शहरात चहाचे दुकान काढून दिले. दुकानाचे नाव ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यानिशी तेथे येऊन चहा पीत, आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला पेला नाकारावयाचा कसा? परमहंस मंडळींनी दारे लावून जे केले, ते महाराजांनी भर रस्त्यावर केले. १९३३ साली रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेने ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ निघाले; तेथे सर्व जातींच्या हिंदूंस एकत्र बसता येई. मात्र त्या पाटीवरच त्याची मर्यादाही लिहिलेली होती.

सहभोजनांच्या या काळात सर्वांत परखड विचार डॉ. आंबेडकरांनी मांडला. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, कित्येक जातींत एकत्र जेवण होते, तरी त्यांचा जातिभाव त्यामुळे मेलेला नाही. जातीचे मूळ धर्माज्ञेत व लग्नसंबंधात आहे, आणि तेथे हात घातल्यावाचून नुसत्या भोजनाने ती मरणार नाही. तथापि त्यांनीच ज्या घटनेच्या मसुद्याचे काम केले, तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, जात आदी कारणांवरून कोणासही अडवू नये, असे स्पष्ट शब्दांत घातले आहे. ती घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने अशी अडवणूक दंडनीय ठरली. परमहंस सभेच्या दीक्षेपासून घटनेच्या या कलमापर्यंत एक शतक लोटले होते. जो पुरुष भोजनाने जात मरत नाही म्हणतो, त्याने उपाहारगृहाचे दार कायद्याने उघडून का घ्यावे? उत्तर सोपे आहे. दार उघडल्याने जात मरत नाही हे खरे. पण दार बंद असता माणसाचा जो अपमान होतो, तो रोजचा असतो.

कायद्याने दार उघडले, परंतु लोक आत शिरले ते भुकेने व सोयीने. १९५६ पासून अमेरिकेचा गहू करारान्वये येऊ लागला. १९६५ साली सरकारने ‘मॉडर्न बेकरीज’ ही कंपनी काढली. पुढे देशातच गहू मुबलक पिकू लागला. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर वडा व पाव यांची जोडी जमली असे सांगतात, आणि ती महाराष्ट्रभर पसरली. पूर्वी ज्याचा तुकडा चोरून खावा लागे, तो पाव आता शाळकरी मुलाच्या हातात आला. आजोबांनी प्रायश्चित्त घ्यावे असे ज्यात काही होते, त्यात नातवास चटणी कमी पडल्यापलीकडे काही उणे दिसेनासे झाले. सुधारकांनी शपथेने जे साधू पाहिले, त्यातील बरेचसे गल्लीतील भट्टीने कसलाही गाजावाजा न करता, किंबहुना आपण काही करीत आहो याची जाणीवही नसता, साधले.

बरेचसे म्हटले, सगळे नव्हे. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे बेकरीच्या मेजावर बसूनही खोटे ठरत नाही. ज्या दोन कुटुंबांनी रविवारी पाठीस पाठ लावून एकाच भट्टीचा पाव खाल्ला, ती सोयरीक जुळविताना पुन्हा जुन्याच याद्या उघडतात. शिवाय प्रत्येक मेजास किंमत असते. ज्या बाईने दिवसभर विड्या वळल्या, तिला जातीच्या नावाने आज कोणी अडविणार नाही. पाटीवरचे दरच तिला बाहेर ठेवतात. आणि गिऱ्हाइकांच्या रविवारासाठी भट्टीवरच्या कारागिरास रात्र जागून पहाटेपूर्वी लाद्या काढाव्या लागतात.

तरीही त्या चार मेजांचे मोल कमी लेखू नये. एकोणिसाव्या शतकातील कित्येक थोर माणसांस जे उघडपणे करता आले नाही, ते सोलापुरातील सामान्य गृहस्थ मुलांबाळांसह, रस्त्याकडे तोंड करून, उजेडात करीत असतो. घरी परतताना तो शेजारच्या दुकानातून कडक भाकऱ्यांचा पुडाही घेतो. त्या भाकऱ्या कोणी थापल्या, हेही तो आता विचारीत नाही.