जुन्या सुवर्णनाण्यांचा संग्रह व मालकी (अहिल्यानगर जिल्हा)

जुन्या सुवर्णनाण्यांचा संग्रह म्हणजे चलनातून बाद झालेली सोन्याची नाणी मिळवणे, ओळखणे, जतन करणे आणि त्यांच्या हस्तांतराची नोंद ठेवणे होय. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यावर यादव, बहमनी, निजामशाही, मुघल, मराठे आणि इंग्रज या सत्तांचा अंमल होऊन गेला. त्यामुळे या भागाचा नाणेइतिहास विविधांगी आहे. नाण्याचे मोल केवळ त्यातील सोन्यावर ठरत नाही. ते कोठे सापडले आणि कोणाकोणाकडे होते, ही माहितीही तितकीच महत्त्वाची असते.

नाण्यांचे प्रकार

देवगिरीच्या यादवांची सोन्याची नाणी ‘पद्मटंक’ या नावाने ओळखली जातात. त्यांच्या मध्यभागी कमळ असून भोवती राजाच्या नावासह अन्य चिन्हांचे ठसे असतात. निजामशाहीची ज्ञात नाणी प्रामुख्याने तांब्याची आहेत. इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी जिंकला. पुढे काही मुघल नाण्यांवर टांकसाळीचे नाव म्हणून ‘अहमदनगर’ आढळते. मुघलांच्या सोन्याच्या नाण्यास मोहोर म्हणत. तिचे वजन साधारण ११ ग्रॅम असे. हिजरी सन, राज्यारोहणाचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव यांवरून मुघल नाणे ओळखता येते.

दक्षिणेत होन हे सोन्याचे नाणे प्रचलित होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या शिवराई होनावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. तांब्याच्या शिवराईच्या तुलनेत हा होन अत्यंत दुर्मिळ आहे. व्यापारातून आलेल्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यास, त्यावरील मानवाकृतींमुळे, ‘पुतळी’ हे नाव पडले.

मालकीचा इतिहास

अनेक सुवर्णनाणी कडी किंवा भोक पाडून दागिन्यांत ओवली गेली. पुतळ्यांची माळ हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा खुणांमुळे नाण्याची बाजारातील किंमत घटते, मात्र त्याच्या वापराचा पुरावा त्यातून मिळतो. नाणे वितळवल्यास लेख, वर्ष आणि टांकसाळ ही सर्व माहिती कायमची नष्ट होते. एकत्र सापडलेल्या नाण्यांची वाटणी होऊन ती विखुरल्यास, ती कोणत्या काळात पुरली गेली हे ठरवणेही कठीण होते. याउलट उत्खननात मिळालेल्या नाण्याचा थर नोंदलेला असतो. जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली असे शास्त्रीय उत्खनन झाले.

कायदेशीर तरतुदी

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. त्यानंतर जाहीर सूचना काढून दावे मागवले जातात. ठेवा बेवारस ठरला आणि जागामालकानेही हक्क सांगितला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागामालकास मिळतो. शासनाला तो संपादित करावयाचा असल्यास धातूच्या किमतीसह तिचा एक पंचमांश अधिक द्यावा लागतो. सूचना न देणाऱ्याचा वाटा शासनाकडे जातो. शिवाय त्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे ‘पुरावशेष’ ठरते. त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही.

संग्रह व अभ्यास

अहिल्यानगर शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात पहिल्या कुमारगुप्ताचे सुवर्णनाणे व अकबराची मोहोर आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, प्राप्तिस्थान, खरेदीची पावती आणि आधीच्या धारकांची माहिती एकत्र ठेवल्यास बनावट नाणी ओळखणे आणि वारसाहक्काचे वाद सोडवणे सुलभ होते.