थोरल्या घराचा अंमल

गोव्याच्या जुन्या राजधानीत आदिलशहाच्या वाड्यात १५६० साली पोर्तुगीजांच्या धर्मसमीक्षण सभेने, म्हणजेच इन्क्विझिशनने, आपली कचेरी थाटली आणि पुढे लोक त्या वास्तूला भयाने 'थोरले घर' म्हणू लागले. त्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी या महालांतील देवळे पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, आदिलशाही मुलखात, नेण्यात आली, हे सर्वश्रुत आहे. परंतु देवळे पाडणाऱ्या पहारीपेक्षा या कचेरीतील लेखणीने अधिक खोल घाव घातला, असे मला वाटते. कारण तिचा मुख्य रोख परधर्मीयांपेक्षा नव्याने ख्रिस्ती झालेल्या रयतेवर आणि यहुदी वंशाच्या ख्रिस्त्यांवर होता, आणि ज्याने धर्म बदलला त्याच्यावरचाही संशय फिटू नये, अशी तिची रचनाच होती. 'कोलोकिओस' हा वनस्पतींवरील ग्रंथ लिहिणारे, अशाच यहुदी वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले, तरी १५८० साली त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या.

पुढे १७३६ साली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनंतर, याच सभेने काढलेला जाहीरनामा वाचताना मन विषण्ण होते. अंगणात तुळस लावू नये, लग्नात विडे वाटू नयेत, भात मिठाविना शिजवू नये, पुरुषांनी पुडवे व स्त्रियांनी चोळी वापरू नये: अशा बारीकसारीक मनाया त्यात आहेत. ज्या सत्तेला भाताच्या मडक्यात मीठ नसणेही पाखंडाचा पुरावा वाटे, तिला फिर्यादी कोण पुरवणार? अर्थात शेजारी, गडी, भावबंद. अशी चुगली हे पुण्यकर्म आहे, ही शिकवण पिढ्यानपिढ्या मुरली, म्हणूनच हा अंमल इतका टिकला.

पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या कारकिर्दीत १७७४ साली सभा मोडीत निघाली, तरी १७७८ साली ती पुन्हा उभी राहिली, आणि कायमची बंद होण्यास १८१२ साल उजाडावे लागले. त्यानंतर तिचे बहुतेक दप्तर जाळले गेले, त्यामुळे अ. का. प्रियोळकरांना १९६१ साली तिचा इतिहास सिद्ध करताना फर्माने, पत्रे आणि स्वतः तिची कैद भोगलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याच्या वृत्तांतावर भिस्त ठेवावी लागली. तुळशीपायी ज्यांची घरे धुळीस मिळाली, त्यांची जबानी मात्र त्या दप्तरासोबतच गेली.