भरतीचे श्रम : भाईंदरच्या उघाडीपासून रान्सच्या धरणापर्यंत

#धागा

भाईंदरहून नायगावकडे जाणारी लोकल वसईच्या खाडीवरील पुलावर येते, तेव्हा खाली कधी काठोकाठ भरलेले पाणी दिसते, तर कधी उघडा पडलेला काळा चिखल. सुमारे सव्वासहा तासांनी ही अदलाबदल होते. दिवसातून दोनदा आत येणाऱ्या आणि दोनदा बाहेर जाणाऱ्या या पाण्यापासून वीज का निर्माण करू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या खाडीतील माणसांनी भरतीकडून काम करवून घेण्यास विजेचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधी आरंभ केला होता.

कोकणकिनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. घड्याळाने पाहिले तर थोडा फरक पडतो, परंतु होडी लोटण्यास तेवढा हिशोब पुरे होतो. वारा उद्या वाहील की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भरती मात्र पुढच्या वर्षीच्या पंचांगातही आजच मांडता येते. भरतीच्या ऊर्जेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे आणि तो कोळ्याला इंजिनिअरच्या आधी ठाऊक होता.

उत्तनचे कोळी डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखे लांबलचक जाळे. ते ओढत न्यायचे नसते. समुद्रतळाशी पक्के बांधून त्याचे तोंड प्रवाहासमोर धरायचे, की भरती-ओहोटीचा ओघच बोंबील आणि जवळा आत लोटतो. उधाणाच्या दिवसांत ओघ जोराचा असतो, म्हणून डोलीचा खरा हंगामही त्याच दिवसांचा. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावते, भांग लागतो आणि जाळ्याला विसावा मिळतो. पंधरवड्याची ही लय उत्तनच्या कोळीवाड्याने स्वीकारली. तिच्याशी भांडण मांडले नाही.

मिठागरांची गोष्ट याहून बोलकी आहे. भाईंदर, राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या सखल खाजणात बांध घालून मिठागरे उभी राहिली. बांधात लाकडी दाराची उघाडी असे. उधाणाची भरती आली की उघाडीतून पाणी साठवणीत घ्यायचे आणि ओहोटी लागण्याआधी दार लावायचे. समुद्राचे पाणी चढावर नेण्यासाठी बैल नको, मोट नको, पंप नको. चंद्राने उचललेले पाणी जागच्या जागी अडवायचे, एवढेच माणसाचे काम. पुढे ते एका वाफ्यातून दुसऱ्या उथळ वाफ्यात फिरते आणि ऊन त्याला आटवीत नेते. खारटपणा मोजण्याच्या बोमे मापावर समुद्राचे पाणी तीन अंशांच्या आसपास असते. पंचवीस अंशांवर मिठाचे स्फटिक धरू लागतात. आगरी समाजाचे नाव या आगरांवरूनच पडले, असे मानले जाते.

येथे एक बारकावा आहे. मिठागराला उधाणाचे मोजके दिवस पुरतात. मधल्या आठवड्यात भरती वर चढली नाही, तरी साठवणीतले पाणी तसेच राहते आणि सूर्य आपले काम करीत असतो. मिठाला घाई नाही. विजेला आहे, ती ज्या क्षणी निर्माण होते, त्याच क्षणी तिला गिऱ्हाईक लागते.

युरोपने भरतीला जात्याला जुंपले. उत्तर आयर्लंडमधील नेंड्रमच्या मठात भरतीवर चालणाऱ्या गिरणीचे अवशेष सापडले असून तिची लाकडे इ. स. ६१९ च्या सुमाराची ठरली आहेत. भरतीचे पाणी तळ्यात कोंडायचे आणि ओहोटीला चाकावर सोडायचे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे अशा गिरणीवाल्याचा दिवस कधी पहाटे, तर कधी मध्यरात्री सुरू होई. १९६६ साली फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर उभे राहिलेले २४० मेगावॅटचे वीजकेंद्र हे त्याच गिरणीचे थोरले भावंड होय. साडेसातशे मीटरांचा बांध, चोवीस टर्बाइने आणि जवळजवळ साठ वर्षांची सेवा. इंधनाचा खर्च नाही, धूर नाही आणि बांधावरून रस्ताही गेलेला. एकदा भांडवल फिटले की इतकी गुणी यंत्रे थोडीच.

मग भाईंदरला तसे का नको? येथे हिशोब आडवा येतो.

बंदिस्त पाण्यातील ऊर्जा भरती-ओहोटीतील उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रान्सला ही उंची सरासरी आठ मीटर आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात सरासरी सुमारे ३.६ मीटर आणि भांगाच्या दिवसांत दीड मीटरहूनही कमी. एक चौरस किलोमीटर पाणी कोंडले असे धरा. आठ मीटरला एका ओहोटीत नव्वद हजार युनिटांच्या जवळपास ऊर्जा असते. मुंबईच्या उधाणात ती अठरा हजारांच्या घरात येते आणि भांगाला तीन हजारांपर्यंत घसरते. हा झाला कागदावरचा आकडा. यंत्राच्या हाती त्याचा तिसरा हिस्सा लागला आणि प्रत्येक घराला दिवसाला पाच युनिटे लागली असे मानले, तर दोन ओहोट्यांवर उधाणात अडीच हजारांच्या आसपास घरे उजळतील, भांगाला चारशे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांच्या पुढे गेली होती.

तिथीचा जुना हिशोब आणखी एक अडचण उघड करतो. या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमीच दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. म्हणजे ओहोटीवर चालणारे यंत्र भर दुपारनंतर आणि पहाटे जोर धरील. त्यातल्या दुपारी छपरांवरची सौर पॅनेले आधीच राबत असतात. दिवेलागणीनंतर, विजेची मागणी शिगेला जाते तेव्हा, पौर्णिमेला खाडी रिती असते. संध्याकाळची भरती अष्टमीला येते खरी, परंतु तो भांग. तिच्यात दम नसतो. भरती भरवशाची आहे यात शंका नाही, पण भरवशाचा माणूस चुकीच्या वेळी दारात उभा राहिला तर त्याचा उपयोग किती?

देशात याहून चांगल्या जागा आहेत. खंभातच्या आखातात ७,००० आणि कच्छच्या आखातात १,२०० मेगावॅटची क्षमता सरकारी अंदाजांत मांडली गेली. प्रत्यक्षात मात्र सुंदरबनातील दुर्गादुआनी खाडीच्या ३.७५ मेगावॅटच्या प्रकल्पाचा अंदाजित खर्च २३८ कोटी रुपयांवर गेला, म्हणजे मेगावॅटमागे त्रेसष्ट कोटी. कच्छच्या ५० मेगावॅटच्या प्रस्तावाचा अंदाज ७५० कोटींचा होता. दोन्ही बारगळले. भरतीचे पाणी फुकट असते. ते अडवणारे काँक्रीट आणि खाऱ्या पाण्यात टिकणारे पोलाद फुकट नसते.

खर्चाहून मोठी किंमत चिखलात दडलेली असते. रान्सचे बांधकाम चालू असताना ती खाडी सुमारे तीन वर्षे समुद्रापासून तोडली गेली आणि तिच्यातले बरेचसे जीवन मेले. नवा समतोल जुळायला पुढची सुमारे दहा वर्षे लागली. काही जातींचे मासे परतलेच नाहीत आणि गाळ साचत राहिला. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. पावसाळ्यात ती मातीने लालभडक होऊन येते, वर कल्याण-भिवंडीकडचे सांडपाणी. अशा पाण्याला भिंत घातली तर गाळ कोठे बसेल, तिवरांच्या मुळांशी खारे पाणी किती पोहोचेल आणि खाडीतल्या जाळ्यांचे काय होईल, हे प्रश्न विजेच्या युनिटांत मोजता येत नाहीत.

तरीही दक्षिण कोरियाचे सिह्वा येथे आठवल्यावाचून राहत नाही. तेथे १९९४ साली बारा किलोमीटरांहून लांब बांध घालून समुद्राचा फाटा तोडला गेला. हेतू होता शेतीसाठी गोड्या पाण्याचे तळे. कारखान्यांच्या सांडपाण्याने ते तळे नासले. शेवटी गोड्या पाण्याचा नाद सोडून समुद्राला पुन्हा आत घेण्यात आले आणि २०११ मध्ये त्याच बांधात २५४ मेगावॅटचे वीजकेंद्र सुरू झाले. जगातले हे सर्वांत मोठे भरती-वीजकेंद्र मुळात एका चुकीची दुरुस्ती आहे. नवी खाडी बांधून अडवणे आणि आधीच अडवलेल्या जागी भरतीला वाट देणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे सिह्वाने दाखवले.

मीरा-भाईंदरला हे अंतर ओळखण्याचे कारण आहे. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेले हे शहर वाढत वाढत खाजणांपर्यंत आले आणि ठिकठिकाणी भरावाखाली ती गेली. मिठागर ओसाड पडले की ती मोकळी जमीन दिसू लागते; ती भरतीचे पाणी घेणारी जागा होती, हे नकाशा सांगत नाही. तिवरांची तोड थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश द्यावा लागला.

पूर्वी उघाडीवरचा माणूस तिथी पाहून दार उघडत असे, कारण त्याला पाणी हवे होते. आता पावसाळ्यात भरतीचे वेळापत्रक पाहिले जाते ते उलट कारणासाठी. मोठा पाऊस आणि उधाण एकत्र आले, की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही. ते रस्त्यांवर आणि तळमजल्यांवर थांबून ओहोटीची वाट पाहते.