१४ डिसेंबरचे साडेतीन सेकंद

राइट बंधूंच्या विमानाची गोष्ट १७ डिसेंबर १९०३ पासून सुरू करण्याची रीत आहे. माझ्या मते ती तीन दिवस आधीच्या अपघातापासून सांगायला हवी. किल डेव्हिल हिलच्या उतारावर लाकडी रूळ मांडला होता. नाणेफेक विल्बरने जिंकली. रूळ सोडताच त्याने पुढचे सुकाणू गरजेपेक्षा जास्त उचलले. नाक वर गेले, वेग मेला आणि साडेतीन सेकंदांत विमान १०५ फुटांवर वाळूत आदळले. डावा पंख आधी टेकला, यंत्र गर्रकन फिरले, खालची एक घसरपट्टी मोडली.

याला उड्डाण कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्तच आहे. उताराची मदत होती, ताबाही सुटला होता. खुद्द त्या भावांनीही ते उड्डाण मानले नाही. पण चाचणी म्हणून त्याचे मोल मोठे आहे. इंजिनाची ताकद पुरते आणि चूक हाताच्या अंदाजाची आहे, हे विल्बरला तिथेच कळले व त्याने घरच्या पत्रात तसे कळवलेही. म्हणूनच आराखडा न बदलता त्यांनी फक्त मोडतोड दुरुस्त केली. १७ तारखेला सपाट जमिनीवरून, समोरच्या वाऱ्यात ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. त्याच दिवशी विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फूट कापले.