कागदी कोनाचं कुळ

जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेटची एकत्र पेटी, दुरुस्तीला आला की तक्रार बहुतेक वेळा एकच असते: आवाज फाटतो. मागचं झाकण काढलं की कारण डोळ्यांना दिसतं. कोनाची, म्हणजे स्पीकरच्या कागदी पडद्याची, कड कुरतडल्यासारखी झालेली असते, कागदाला चीर पडलेली असते, किंवा कॉइल, म्हणजे पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं, चुंबकाच्या फटीत एका बाजूला घासत असते. मालक बाजारातून त्याच मापाचा, पण ‘जास्त वॅटचा’ नवा स्पीकर आणतो. भोकं जुळतात, स्क्रू घट्ट बसतात, जाळी पुन्हा लागते. आणि नवाकोरा, जड, दणकट दिसणारा तो स्पीकर जुन्या फाटक्या कोनापेक्षाही दबका वाजतो. मग दोष ॲम्प्लिफायरवर जातो, आयसी बदलला जातो, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. या गोंधळाचं उत्तर स्पीकरच्या कुळात आहे, आणि ते कुळ दीडशे वर्षं मागे जातं.

चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं टांगायचं आणि त्यातून वीज सोडून ते हलवायचं, ही कल्पना जर्मनीतल्या वेर्नर सीमेन्सनी 1874 साली पेटंटमध्ये लिहून ठेवली. त्या वेळी त्यातून संगीत काढायला ॲम्प्लिफायरच नव्हता. 1915 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नापा इथे पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम यांनी अशाच वेटोळ्याला लहानसा पडदा आणि त्यापुढे ग्रामोफोनसारखा कर्णा जोडला. 1919 मध्ये सॅन डिएगोच्या मैदानात अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं भाषण हजारो लोकांपर्यंत पोचलं, ते याच जोडगोळीच्या कर्ण्यांमुळे. पण कर्णा लांबलचक आणि नाकातल्या आवाजाचा. त्यात माणसाचं बोलणं समजायचं, वाद्यं ओळखू यायची नाहीत.

कर्णा काढून टाकण्याचं काम अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी केलं. 1925 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध हा या घराण्याचा मूळपुरुष. त्यातला विचार असा: टांगलेल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचं एक झोक्याचं कंपन असतं. कोनाची टांगणी इतकी सैल ठेवायची की त्याचं हे नैसर्गिक कंपन ऐकायच्या आवाजाच्या खालच्या टोकाला जाऊन बसेल. मग त्याच्या वरच्या साऱ्या पट्टीत कोनावर टांगणीची सत्ता चालत नाही, फक्त त्याच्या वजनाची चालते. वेटोळं जितक्या जोराने ढकलेल तितक्या वेगाने कोन दचकेल, आणि सूर खालचा असो वा वरचा, आवाज साधारण सारख्याच पातळीचा राहील. इतक्या साध्या हिशोबातून सपाट, नैसर्गिक आवाज निघाला. पुढच्याच वर्षी आरसीएने तो ॲम्प्लिफायरसकट विकायला काढला. आज लाउडस्पीकर म्हणून जे काही घराघरांत आहे, त्यातलं बहुतेक सगळं या एका निबंधाचं वंशज आहे.

सत्ता वजनाची, हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरूनच आहेत. बाकी सगळं तसंच ठेवून कोन आणि कॉइल यांचं वजन दुप्पट केलं, तर विजेचं आवाजात रूपांतर करण्याची ताकद निम्म्यावर येत नाही, चौथाईवर येते. म्हणून जुन्या कारागिरांनी कागद धरला. कागदाचा लगदा जाळीवर निथळवून कोनाच्या आकारातच वाळवला की तो पिसासारखा हलका होतो आणि तरी ताठ राहतो. प्लास्टिक, धातू, विणलेले तंतू असे कितीतरी पर्याय पुढे आले. हलकेपणा आणि ताठपणा एकाच वेळी, इतक्या स्वस्तात, कागदाइतका कुणीच दिला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

राइस-केलॉग यांच्या स्पीकरला एक खोड मात्र होती. त्याचं चुंबक विजेवर चालायचं. मागच्या बाजूला तारेचा मोठा गुंडाळा, आणि त्यात सतत वाहणारा प्रवाह. भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या रेडिओला ते परवडायचं, सेलवर चालणाऱ्या यंत्राला मुळीच नाही. स्पीकर हातात धरून चालता येण्यासाठी कायमचं आणि स्वस्त चुंबक हवं होतं. ते दोन वाटांनी आलं आणि दोन्ही वाटांचा उगम जपानात आहे. 1931 मध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियम यांचा चुंबकीय मिश्रधातू तयार केला. त्यात पुढे कोबाल्ट पडला आणि अल्निको झालं. त्याच्या एक वर्ष आधी तोक्योतल्या तंत्रविद्यालयात योगोरो कातो आणि ताकेशी ताकेई यांनी लोहाच्या ऑक्साईडपासून, म्हणजे गंजाच्या सख्ख्या भावंडापासून, फेराइट बनवलं. फेराइट बाजारात आणण्यासाठी 1935 साली तोक्यो देन्की कागाकु ही कंपनी निघाली. हिची आद्याक्षरं आपल्या पिढीने कोऱ्या कॅसेटच्या वेष्टनावर हजारदा वाचली आहेत: टीडीके.

टू-इन-वनचं पोट उघडून बसलं की लोहाच्या ऑक्साईडच्या या घराण्याची माणसं तीन ठिकाणी भेटतात. मीडियम वेव्ह पकडणारी, तारेत गुंडाळलेली काळी कांडी फेराइटची. स्पीकरच्या पाठीवरची जाड चकती फेराइटची. आणि कॅसेटच्या फितीवरची तपकिरी भुकटी तीही लोहाचा ऑक्साईड. पकडणं, साठवणं आणि ऐकवणं, तिन्ही कामं गंजाच्या गोतावळ्यानेच केलेली. मला या यंत्राबद्दल जो लोभ वाटतो, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

चकतीच्या आकारालाही इतिहास आहे. अल्निकोचं चुंबक लांबट असावं लागतं, नाहीतर ते स्वतःच स्वतःचं चुंबकत्व घालवून बसतं. म्हणून अल्निकोचे स्पीकर मागे खोल, वाटीसारखे. स्पीकरला लागणारं कडक फेराइट फिलिप्सने 1952 मध्ये बाजारात आणलं. त्याची ओढ कमी, पण जिद्द जास्त. ते सहजासहजी चुंबकत्व सोडत नाही. त्यामुळे त्याची रुंद, चपटी रिंग चालते. तरीही चांगले कारखाने अल्निकोलाच धरून होते. 1978 मध्ये झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, शाबा प्रांतात युद्ध पेटलं. जगाचा बराचसा कोबाल्ट तिथून यायचा. भाव कडाडले आणि एकामागून एक कारखाने फेराइटकडे वळले. मोठ्या, चकचकीत, दोन-चार स्पीकरच्या टू-इन-वनची भरभराट नेमकी याच वर्षांत सुरू झाली. त्यांच्या पाठीवर रुंद काळी रिंग का दिसते, याचं उत्तर आफ्रिकेतल्या खाणींत आहे.

आता यंत्राकडे येऊ. फिलिप्सने कॅसेट जगासमोर ठेवली 1963 साली, बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात. लू ओटेन्स या अभियंत्याच्या हाताखाली ती बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात घडली होती. 1966 मध्ये फिलिप्सनेच रेडिओ आणि कॅसेट एका पेटीत घातली. 1968 मध्ये जपानच्या आयवाने आपला पहिला रेडिओ-कॅसेट काढला आणि मग जपानी कंपन्यांनी हा प्रकार असा काही उचलला की युरोप मागे पडला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या फुटपाथांवर काळी आणि लॅटिनो मुलं ही पेटी खांद्यावर घेऊन फिरू लागली. एलएल कूल जे याच्या 1985 च्या ‘रेडिओ’ या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर जेव्हीसीचा आरसी-एम90 आहे. 1989 च्या ‘डू द राइट थिंग’ या स्पाइक ली यांच्या चित्रपटात तर अशा पेटीचा चुराडा हाच कथेचा स्फोटबिंदू आहे.

आपल्याकडे हे यंत्र आलं ते आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत पहिला मोठा टू-इन-वन दुबई किंवा कुवेतचा. स्वस्त कॅसेटा आल्या तशी भजनं, भीमगीतं, लावण्या त्याच्यावर वाजू लागल्या. वीज गेली की सेल. सेल मंदावले की ते उन्हात ठेवायचे, हा उपाय तेव्हा घरोघरी ठाऊक होता.

सेल हाच या स्पीकरचा खरा मालक. आठ मोठे सेल म्हणजे 12 व्होल्ट. साध्या जोडणीच्या ॲम्प्लिफायरला त्यातून 4 ओहमच्या स्पीकरमध्ये फार तर साडेचार वॅट घालता येतात, तेही कागदावर; प्रत्यक्षात त्याहून कमी. सेल उतरून प्रत्येकी 1.1 व्होल्टवर आले की हे अडीच वॅटच्याही खाली येतं. खोक्यावर छापलेले शेकड्यांतले ‘पीएमपीओ’ वॅटचे आकडे विक्रेत्याच्या सोयीचे. त्यांचा या हिशोबाशी संबंध नाही. एवढ्याशा विजेत अंगण भरायचं, तर कोन हलकाच हवा. म्हणून त्या जपानी स्पीकरांचा कागद पातळ असायचा, कड बहुधा त्याच कागदाची चुणीदार किंवा हलक्या फोमची, कॉइल लहान.

त्याच कुळाची दुसरी शाखा वेगळ्या वाटेने गेली. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हवाबंद लहान पेटी, सैल टांगणी आणि जड कोन यांतून खोल खर्ज काढून दाखवला. शोध थोर होता. घरातली कपाटाएवढी खोकी त्याने पुस्तकाच्या फळीवर आणली. पण किंमत विजेत मोजावी लागली. आज दुकानात मिळणारे रबरी कडेचे, जाड कोनाचे, ‘शंभर वॅट’चे स्पीकर स्वभावाने या शाखेच्या जवळचे आहेत. एक वॅटला जुना हलका स्पीकर 90 डेसिबल देत असेल आणि नवा 84, तर तेवढ्याच आवाजासाठी नव्याला चौपट वीज लागते. साडेचार वॅटच्या यंत्राकडे ती आणायची कुठून? स्पीकरवरचा वॅटचा आकडा तो किती सोसेल हे सांगतो. तो किती ऐकवेल याबद्दल तो आकडा गप्प असतो.

म्हणून पहिला प्रयत्न जुनाच स्पीकर वाचवण्याचा असावा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही विद्या अनेक वर्षं नांदली. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारख्या दाबाने आत ढकलायचा; खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. मग मधली टोपी अलगद उचलायची, फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या चारही बाजूंनी सरकवायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये उभी राहते, आणि त्या अवस्थेत कड चिकटवायची. चिकट पदार्थ वाळल्यावर लवचीक राहणारा हवा आणि कमीत कमी लावायला हवा, कारण त्याचंही वजन कोनावर चढतं. फोमची कड तर वापराविनाही जाते. त्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने तुटत जातं आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत ते लवकर चिकट होऊन गळतं. तिथे हलकी नवी कड लावावी. जाड रबर लावलं की टांगणी आवळते आणि खर्ज जातो.

कॉइलच जळली असेल आणि त्या मापाचा कोन मिळत नसेल, तर बदलीशिवाय इलाज नाही. आधी मीटर लावून जुन्याचा रोध मोजावा. मीटरवर आकडा थोडा कमी येतो: 8 ओहमचा स्पीकर साडेसहाच्या आसपास दाखवतो, 4 चा साडेतीनच्या. आठच्या जागी चार बसवला तर आवाज क्षणभर वाढतो, पण आयसीमधून दुप्पट प्रवाह जातो आणि तो तापून मरतो. चाराच्या जागी आठ चालतो, आवाज निम्म्या विजेचा. चुंबक फार मोठं घेऊ नये. कॅसेटच्या खणाजवळ आणि अँटेनाच्या फेराइट कांडीजवळ ते आलं, तर फितीवरचं ध्वनिमुद्रण पुसट होण्याची आणि मीडियम वेव्हचं ट्यूनिंग सरकण्याची भीती असते.

मग घ्यायचा कोणता? मी लोकांना जुन्या बाजारात मोटारीचे स्पीकर शोधायला सांगतो, आणि तेही कंपनीने कारखान्यातच बसवलेले साधे कागदी. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची. स्वस्तातला रेडिओ, थोडी वीज, आणि इंजिनाच्या गोंगाटावरून ऐकू जायची सक्ती. म्हणजे गरज हुबेहूब टू-इन-वनची, त्यामुळे घडणही तशीच राहिली: पातळ कागद, लहान कॉइल, बहुधा 4 ओहम. गाडी घेतल्या घेतल्या लोक ते काढून जड, चमकदार स्पीकर बसवतात, आणि काढलेले भंगारात कवडीमोलाने मिळतात. यंत्र 4 ओहमचं असेल तर ही जोडी ठीक जमते. 8 चं असेल तर जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतले कागदी स्पीकर पाहावेत. त्यांच्या चुंबकाचा प्रभाव पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून बहुतेकांना पत्र्याचं कवच असतं, तेही इथे उपयोगी पडतं.

बसवताना खोली मोजावी, कारण पेटीच्या पोटात कॅसेटची मोटर आणि सेलचा डबा यांतून जागा उरते तेवढीच. ट्वीटरच्या, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरच्या, वाटेवरचा छोटा कॅपेसिटर त्याच वेळी बदलावा. तो वाळलेला असला की वरचे सूर हरवतात आणि दोष विनाकारण नव्या कोनाला लागतो. शेवटी दीड व्होल्टचा एक सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवावा. कोन ज्या जोडणीत बाहेर उसळतो, तिथे सेलचं धन टोक लागलेल्या तारेवर खूण करावी, आणि दोन्ही बाजूंना खूण सारखीच जोडावी. एक तार उलटी राहिली तर डावा कोन बाहेर येताना उजवा आत जातो, दोघांची हवा एकमेकांना खाते आणि ढोलकीचा धुमा नाहीसा होतो.