पुस्तकाच्या पानावरून जाहिरातीच्या पडद्यावर : हलत्या चित्रांचा एक विस्मृत प्रवास

आजचा धागा जुन्या कार्टून-जाहिरातींविषयी आहे. मात्र त्याची सुरुवात दूरदर्शनच्या बऱ्याच आधी, एका बालपुस्तकापासून होते.

१९४० साली मिनू मसानी यांचे ‘अवर इंडिया’ प्रसिद्ध झाले. शाळकरी मुलांना देशाची शेती, खनिजे, लोकसंख्या समजावून सांगणाऱ्या या पुस्तकात सी. एच. जी. मूरहाउस यांची चित्रे होती. आकडेवारीसारखा रूक्ष विषय त्यांतून बोलू लागला. १९६१ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने याच पुस्तकावरून ‘धिस अवर इंडिया’ हा अ‍ॅनिमेशनपट काढला आणि पानावरची चित्रे चालू लागली.

हे साधले कसे? १९५६ मध्ये डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवण्यास आले. ‘बांबी’वर काम केलेला हा गृहस्थ मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मला होता. त्यांच्या हाताखाली घडलेल्यांत राम मोहन होते आणि ‘धिस अवर इंडिया’वर त्यांनी काम केले. तत्पूर्वी, १९५७ मध्ये, या विभागाने ‘बनियन डिअर’ ही जातककथा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वळणाने रंगवली होती. म्हणजे तंत्र अमेरिकेचे असले तरी रेषा कोठून घ्यावी, हा विचार येथे आरंभापासून चालू होता.

पुण्याचा दुवा याहून जुना आहे. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या ‘प्रभात’ने पुढच्याच वर्षी ‘जंबूकाका’ हे कार्टून काढले. कोल्ह्याला ‘काका’ म्हणणे हे थेट आजीच्या गोष्टीतलेच!

आता जाहिराती. माझ्या मते फिल्म्स डिव्हिजनचे कार्टूनपटही एका अर्थी जाहिरातीच होते. चित्रगृहांत अनुबोधपट दाखवणे सक्तीचे असल्याने राज्यसंस्था आपले म्हणणे त्यांतून प्रेक्षकांच्या गळी उतरवीत असे. राम मोहन यांनी ती नोकरी सोडली, काही काळ प्रसाद प्रॉडक्शन्समध्ये काढला आणि १९७२ मध्ये ‘राम मोहन बायोग्राफिक्स’ हा स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती आल्या. सरकारी अनुबोधपटांवर बसलेला हात आता ग्राहकोपयोगी मालाच्या जाहिरातींकडे वळला.

येथे थोडे गणित करू. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी धरले, तरी दहा सेकंदांच्या जाहिरातीला १२० चित्रे लागतात आणि त्या काळी प्रत्येक चित्र पारदर्शक सेलवर हाताने रंगवावे लागे. तपशील वाढला की खर्च वाढतो. शिवाय १९८२ पर्यंत आपला दूरदर्शन कृष्णधवल होता. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याच्या घरांत उतरणाऱ्या त्या करड्या चित्रात नाजूक छटा कशा टिकाव्यात? ठळक बाह्यरेषा, सपाट रंग, मोकळी पार्श्वभूमी ही बालपुस्तकांची भाषा म्हणूनच सोयीची ठरली असावी. अमेरिकेत यूपीए स्टुडिओने १९५२ मध्ये बेमेलमन्स यांच्या ‘मॅडेलिन’ या चित्रपुस्तकावर लघुपट काढला, आणि तोच स्टुडिओ दूरचित्रवाणीच्या जाहिरातीही करीत असे. काटकसर आणि अभिरुची यांची अशी गाठ तेथेही पडली होती.

याच सुमारास, नोव्हेंबर १९७१ मध्ये, पुण्याच्या बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. त्यातली चित्रे पाहत वाढलेली पिढीच पुढे दूरदर्शनच्या जाहिरातींसमोर बसली.

इतिहासकाराची खरी अडचण पुढे आहे. चित्रपटाला श्रेयनामावली असते, जाहिरातीला नसते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अथवा आत चित्रकाराचे नाव सापडते. दहा सेकंदांच्या जाहिरातीत फक्त मालाचे नाव उरते. सेल रंगवणारे कलाकार तर कोठेच नोंदलेले नाहीत. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटांचा शोध नावावरून घेता येतो; निनावी जाहिरातीचा शोध कशावरून घ्यावा?

म्हणून एक विनंती. आपल्या घरात कोणी जाहिरात-स्टुडिओत काम केले असेल, तर माळ्यावरचे जुने सेल, स्टोरीबोर्ड, पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत देण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र काढून ठेवा, आणि चित्र कोणी काढले ते त्यांना विचारून मागे लिहून ठेवा.